खुले पत्र : ईश्वरचिठ्ठी काढण्याआधी तो लिफाफा उघडा

प्रति,
मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र
आणि महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे सन्माननीय सदस्य

विषय : समसमान मते पडल्यावर काढायची चिठ्ठी आणि न मोजलेले प्रदत्त मत

महोदय, महोदया,

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, जे म्हणाल ते. सरकारी कागदावर माझा राग नाही, माझं पोटच त्यावर चालतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल की हा हरलेल्या पार्टीचा माणूस दिसतोय.

२०२१ च्या जानेवारीत राज्यात चौदा हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुका एकदम लागल्या. आमचं गावही त्यात होतं. आमच्या वॉर्डात सर्वसाधारण महिलेच्या जागेवर दोघी उभ्या राहिल्या. एक नात्याने माझी चुलत वहिनी, दुसरी शेजारची काकू, जिच्या अंगणात मी लहानपणी गोट्या खेळलो. दोघींचेही उमेदवारी अर्ज माझ्याच दुकानात भरले गेले. अपत्यांचं घोषणापत्र, शौचालयाचा दाखला, सगळं मीच स्कॅन केलं. सर्व्हर तर इतका रडवत होता की शेवटी आयोगाने कागदी अर्ज घ्यायला परवानगी दिली, आपल्याला आठवत असेल. रात्री अकरा वाजता एकीचा अर्ज चढला, दुसरीचा चढेना, तर पहिली दुसरीसाठी चहा घेऊन दुकानात बसून राहिली. आमच्याकडची निवडणूक ही अशी असते. माझा पक्ष विचाराल तर त्या रात्री चहा कुणी पाजला एवढाच.

मतदान १५ जानेवारीला होतं. आदल्या दिवशी संक्रांत, म्हणजे मतदान बरोबर करीच्या दिवशी आलं. आई कुरकुरली, "करीला कुणी असलं काम ठेवतं का?" तरी नऊवारी बदलून, मास्क लावून, दहा वाजता शाळेत गेली. मी सोबत होतो. दारात बंदुकीसारख्या यंत्राने कपाळाचं तापमान घेतलं, हातावर सॅनिटायझर ओतलं. आतल्या टेबलावरच्या मुलाने यादीवर पट्टी ठेवून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आजी, तुमचं मतदान झालंय."

आईने डाव्या हाताचं बोट त्याच्या नाकासमोर धरलं. "शाई कुठंय मग?"

झालं होतं असं, की आमच्या यादीत आईच्या नावाच्या दोघीजणी आहेत. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आणि आडनाव तर अर्ध्या गावाचं एकच. फरक घर क्रमांकाचा, वयाचा आणि त्या राईएवढ्या फोटोचा. सकाळी ती दुसरी येऊन रीतसर मत देऊन गेली होती आणि खूण पडली होती आईच्या नावापुढे. तिच्या स्वतःच्या नावापुढची जागा कोरीच होती. यात कुणाची लबाडी नव्हती. मास्क होते, गर्दी होती, पट्टी एका ओळीऐवजी दुसऱ्या ओळीवर पडली.

बाकावर बसलेल्या एका मतदान प्रतिनिधीने तोडगा काढला, "काकी, तिचा नंबर कोराच आहे, त्याच्यावर उरकून घ्या. मत ते मत." आई म्हणाली, "मी तिच्या नावावर का करू? माझं मत माझ्या नावावर पाहिजे."

केंद्राध्यक्ष भला माणूस होता. त्याने पुस्तिका काढली, दोनदा वाचली आणि नियमात आहे तेच केलं. आईचं ओळखपत्र तपासलं, वेगळ्या यादीत सही घेतली आणि तिला प्रदत्त मतपत्रिका दिल्या. वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हा शब्द ठाऊक नसेल. आपल्या नावावर आधीच कुणाचं तरी मत पडलेलं असेल आणि आपण खरे आहोत हे पटवून देता आलं, तर मतदान यंत्रावर नाही पण कागदावर मत देता येतं. शिक्का मारायचा, घडी घालायची आणि केंद्राध्यक्षाच्या हातात द्यायची. तो ती लिफाफ्यात घालतो, लिफाफ्याला लाख लागते. आईने दोन जागांच्या दोन मतपत्रिकांवर शिक्के मारले आणि इकडेतिकडे बघितलं. "पेटी कुठंय?" "साहेब ठेवतील नीट," असं उत्तर मिळालं. तिने कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

१८ तारखेला मोजणी. तालुक्याच्या ठिकाणी एकेका गावाला आत बोलावतात, बाहेर गुलाल घेतलेली पोरं उभी असतात. आमच्या गावाचा निकाल काही मिनिटांत लागला, आणि त्या जागेवर दोघींना अगदी सारखी मतं पडली. फेरमोजणी मागितली. आता यंत्राची फेरमोजणी म्हणजे काय, तर तेच बटण पुन्हा दाबायचं. यंत्र पुन्हा तोच आकडा सांगतं, त्याची तरी काय चूक. आपल्या स्थानिक निवडणुकांत यंत्राला कागदी पावतीची सोय नसते, म्हणजे मोजायला दुसरं काही शिल्लकच नसतं.

पुढचं दोघींनी मला वेगवेगळं बसून सांगितलं आणि दोघींचं तंतोतंत जुळतं. एका डायरीचं पान फाडून त्याच्या दोन चिठ्ठ्या केल्या. एकीची घडी घट्ट होती, दुसरीची फुलत होती. त्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवल्या. बाहेरून कुणाचं तरी पाचसहा वर्षांचं पोरगं उचलून आणलं. ते बुजलं, रडायला लागलं, त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. मग त्याने झाकणातली वरची चिठ्ठी उचलली. काकू जिंकली, वहिनी हरली. बाहेर येऊन वहिनी एवढंच म्हणाली, "नशिबात नव्हतं." तिने आजवर कुणावर आरोप केलेला नाही, मीही करत नाही.

आमची ग्रामपंचायत नऊ सदस्यांची. त्या वेळी सरपंच थेट जनतेतून नव्हता, सदस्यांतून निवडायचा होता. दोन्ही पॅनेलचे चार चार आले होते आणि नववी जागा ही. म्हणजे त्या पोराने एक सदस्य नाही, सरपंच निवडला. पाच वर्षं पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा कुठल्या गल्लीत जाणार, हेही निवडलं.

रात्री हे सगळं ऐकून आईने एकच प्रश्न विचारला. "आणि माझं पाकीट?"

महोदय, या पत्राचं मूळ त्या प्रश्नात आहे. त्या जागेसाठी आमच्या वॉर्डात कागदावर दिलेलं मत एकच होतं, आणि तेवढं एकच मोजलं गेलं नाही. एका मताने निकाल लागणार होता, एक मत टेबलाखालच्या गोणीत लाख लावून पडलं होतं, आणि टेबलावर आपण देवाला कौल लावत होतो.

मी फेब्रुवारीत अर्ज दिला, की निदान तो लिफाफा पाहावा. कार्यालयाचं उत्तर आलं की अशी तरतूद नाही, निवडणूक याचिका करावी. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ती निकालापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे करायची असते. उत्तर माझ्या हातात पडलं तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते. आता त्या पंचायतीची मुदत संपत आल्यावर मी माहिती अधिकारात विचारलं की त्या लिफाफ्याचं पुढे काय झालं. एका ओळीचं उत्तर आलं : "सदर अभिलेख नियमानुसार नष्ट करण्यात आला आहे." हे पत्र मी त्या ओळीमुळे लिहितोय.

कायदा काय म्हणतो ते मी वाचलंय, दुकानात रिकामा वेळ असतो. लोकसभा-विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ६५ आहे. समान मतं पडली तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने चिठ्ठी काढायची, आणि चिठ्ठी ज्याच्या बाजूने निघेल त्याला जणू एक जादा मत मिळालं असं मानायचं. गावाच्या निवडणुकीतही रीत हीच. या वाक्याशी मी बराच वेळ थांबलो. कायद्याला मोजायला एक मत कमी पडतं, म्हणून तो एक मत कल्पनेने तयार करतो. ज्या बाईने बोट दाखवून, सही करून, शिक्का मारून खरंखुरं मत दिलं, तिचं मात्र मोजणीच्या दिवशी चालत नाही.

ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. बाकीच्या तिच्या मागून येतात.

प्रदत्त मतांचं महत्त्व न्यायालयांना माहीत नाही असं नाही. राजस्थानात २००८ साली नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी एका मताने हरले, ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६. मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीतला माणूस. त्या खटल्यात प्रदत्त मतांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मोठ्या माणसाला वकील असतो, याचिका करायला दम असतो. वॉर्डातल्या बाईने पंधरा दिवसांत वकील गाठायचा, आणि तोही कशासाठी, तर काकूला पाडण्यासाठी? गावात राहायचंय ना तिला.

दुसरी तक्रार चिठ्ठीच्या रीतीची आहे. आपल्याच यंत्रणेला चिठ्ठी नीट काढता येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत असते तेव्हा आधी नोटीस लागते, सभागृह असतं, पारदर्शक ड्रम असतो, गणवेशातली शाळकरी पोरं येतात, प्रत्येक चिठ्ठी वर धरून सगळ्यांना दाखवतात. म्हाडाच्या घरांची सोडत तर संगणकावर निघते आणि हजारो लोक ती मोबाइलवर बघतात. आणि प्रत्यक्ष माणूस निवडायचा म्हटलं की डायरीचं पान आणि डब्याचं झाकण?

कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या देवळाच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातला, साधारण इ. स. ९२० च्या सुमाराचा शिलालेख आहे. गावसभेचे सदस्य ते लोक चिठ्ठीनेच निवडत, ताडपत्रावर नावं लिहून आणि घागरीत टाकून. पण रीत बघा. सगळ्या गावाला, लहानथोरांना, जमवायचं. घागर वर उचलून सगळ्यांना दाखवायची. आत काय आहे हे ज्याला कळत नाही अशा पोराने हात घालायचा. आणि निघालेलं पान ज्याने घ्यायचं त्याने पाचही बोटं पसरून उघड्या तळहातावर घ्यायचं, म्हणजे हातचलाखी नको. मग ते मोठ्याने वाचायचं. हजार वर्षांपूर्वीच्या एका गावाने हे दगडावर कोरून ठेवलं. आमच्या तालुक्याला याचं साधं परिपत्रकही दिसलं नाही. आपल्या कार्यालयात असं परिपत्रक असेल तर ते त्या टेबलापर्यंत पोचलेलं नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगतो.

गावाचं राहू द्या. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना सारखी मतं पडली आणि चिठ्ठीने शहा निवडून आले. सभागृहात शिवसेना ८४, भाजप ८२ असं चित्र उभं राहिलं. चिठ्ठी दुसरी निघती तर ते ८५ आणि ८१ झालं असतं. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेत दोनचं अंतर आणि चारचं अंतर यात किती राजकारण मावतं ते मी सांगायला नको.

आणि चिठ्ठीचा अर्थ तरी सगळीकडे एक आहे का? २७ फेब्रुवारी २०२४ ला हिमाचलमध्ये राज्यसभेच्या एका जागेसाठी काँग्रेसचे अभिषेक मनु सिंघवी आणि भाजपचे हर्ष महाजन यांना ३४-३४ मतं पडली. काँग्रेसचेच सहा आमदार फुटले, ती वेगळी कथा. चिठ्ठी काढली, तर नाव निघालं सिंघवींचं. आणि सिंघवी हरले! कारण तिथे ज्याचं नाव निघेल त्याला बाद धरलं गेलं. आमच्या गावात नाव निघालं ती जिंकली, तिथे नाव निघालं तो पडला. सिंघवी त्यावर उच्च न्यायालयात गेले. देशाचे नामांकित वकील ज्या चिठ्ठीचा अर्थ विचारायला कोर्टात जातात, तिथे आमच्या वहिनीने काय समजून घ्यायचं?

खरं तर चिठ्ठीला माझा तत्त्वतः विरोध नाही. सगळं करून झालं आणि तरीही बरोबरी राहिली, तर काढा. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २०१७ च्या निवडणुकीत एका जागेवर शेली सिमंड्स आणि डेव्हिड यान्सी यांना प्रत्येकी ११,६०८ मतं पडली. तिथेही शेवटी ४ जानेवारी २०१८ ला एका वाडग्यातून चिठ्ठीच काढली आणि यान्सी आले. त्याने तिथल्या सभागृहाचं बहुमत ठरलं. पण चिठ्ठीआधी काय झालं? पूर्ण फेरमोजणी झाली. तीत सिमंड्स एका मताने पुढे गेल्या. मग एका मतपत्रिकेवर वाद झाला, तिच्यावर दोन्ही नावांपुढे खुणा होत्या. ती एक मतपत्रिका तीन न्यायाधीशांनी समोर घेऊन पाहिली, निर्णय दिला, त्यामुळे बरोबरी झाली आणि मगच वाडगा आला. निर्णय बरोबर की चूक, तो त्यांचा प्रश्न. एका कागदासाठी तीन न्यायाधीश बसले, एवढंच मला दिसतं. कॅनडाच्या संसदेच्या निवडणुकीत तर फेरमोजणीनंतरही बरोबरी राहिली तर चिठ्ठी नाहीच, पुन्हा मतदान.

आता माझ्याच मागणीतली अडचण मी लपवणार नाही. प्रदत्त मत देणारा प्रत्येक जण खराच असेल असं नाही. नंतर आलेलाही तोतया असू शकतो, आणि आधी यंत्रात पडलेलं मत कुणाचं हे शोधून काढून वजा करणं यंत्रात शक्य नाही. आमच्या बाबतीत तो पेच नव्हता, दोघीही खऱ्या मतदार आणि दोघींचं एकेकच मत. पण दुसरीकडे असू शकतो, म्हणून चौकशी लागेल. दुसरी अडचण आणखी नाजूक आहे. लिफाफ्यात एकाच बाईचं मत असेल तर तो उघडल्यावर तिने कुणाला मत दिलं हे गावाला कळणार. गुप्त मतदानाचं काय?

हे मी आईलाच विचारलं. ती वाती वळत बसली होती. म्हणाली, "कळलं असतं तर कळलं असतं. दोघींकडं हळदीकुंकवाला मी जातच होते, नंतरही गेलेच असते. पण मला विचारायचं तरी." तेव्हा मतदाराला विचारा. ती हो म्हणाली तर उघडा, नाही म्हणाली तर तो तिचा हक्क.

गावात एका म्हाताऱ्याने दोघींत अडीच-अडीच वर्षं वाटून देण्याचाही तोडगा सुचवला होता. महाराष्ट्रात २०१९ पासून या शब्दांचं काय झालंय ते सगळ्यांना माहीत असल्याने लोक हसले आणि विषय तिथेच संपला.

खर्चाचं म्हणाल तर तेही मोजून सांगतो. आमच्या वॉर्डाला एक केंद्र, एक खोली, चारपाच कर्मचारी. रिक्त जागांसाठी आयोग ग्रामपंचायतींच्या पोटनिवडणुका घेतच असतो, कधीकधी एकाच जागेसाठी. बरोबरीच्या जागेवर त्या दोघांतच पुन्हा मतदान घ्यायला कितीसा वेगळा मांडव लागणार?

आयोगाला हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच आयोगाने आदेश काढला की 'नोटा'ला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. देशात इतरत्र नोटा जिंकूनही हरत होता, इथे आपण त्याला किंमत दिली. आणि आमच्याच २०२१ च्या निवडणुकीत उमराणे आणि खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं, तेव्हा तिथली निवडणूक आयोगाने रद्द केली. म्हणजे मनात आणलं की हात चालतो. जिथे नियम आड येतो तिथे तो बदलायला विधिमंडळ बसलेलं आहे. सन्माननीय सदस्यहो, सभागृहात बरोबरी झाली तर संविधानाच्या अनुच्छेद १८९ ने तुमच्या अध्यक्षांना निर्णायक मत दिलेलं आहे. म्हणजे तिथे एक जबाबदार माणूस उभा राहून, नाव घेऊन, निकाल देतो. तुमची बरोबरी माणसाने सोडवायची आणि आमची बिस्किटाच्या पुड्याने, हे काही बरं दिसत नाही.

तर मागण्या साध्या आहेत.

मतांची बरोबरी झाली की निकाल तिथेच थांबवावा. त्या जागेसाठी प्रदत्त मतं आहेत का, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने दोन्ही उमेदवारांना तिथल्या तिथे लेखी सांगावं. आमच्या दोघींनाही असा लिफाफा आहे हे मोजणीच्या वेळी माहीतच नव्हतं.

असतील तर ओळख, सही आणि यादी तपासून, मतदाराची संमती घेऊन, ती मतं मोजावीत. यासाठी पंधरा दिवसांत याचिका करायचा भार मतदारावर किंवा उमेदवारावर टाकू नये. ज्या यंत्रणेची पट्टी चुकली तिनेच ती सरळ करावी. त्यासाठी ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिका यांच्या कायद्यांत किंवा नियमांत जो बदल लागेल तो विधिमंडळाने करावा.

त्यानंतरही बरोबरी राहिली तर ग्रामपंचायतीच्या वॉर्डात तरी त्या दोघांतच एका महिन्यात फेरमतदान घ्यावं. मोठ्या मतदारसंघांत चिठ्ठीच ठेवायची असेल तर तिची लेखी रीत ठरवावी : चिठ्ठ्या छापील आणि एका मापाच्या, भांडं पारदर्शक, चित्रीकरण सुरू, आणि नाव निघालेला जिंकणार की हरणार हे चिठ्ठी काढण्याआधी मोठ्याने वाचून दाखवलेलं. लहान मुलांना यातून सोडा. ते पोरगं आता शाळेत जातं आणि गावातली टारगट पोरं त्याला 'सरपंच' म्हणून चिडवतात.

बरोबरी झालेल्या जागांचे लिफाफे त्या पंचायतीची मुदत संपेपर्यंत नष्ट करू नयेत.

आणि यादीत सारख्या नावाच्या व्यक्ती असतील तिथे मतदान अधिकाऱ्याच्या प्रतीवर ठळक खूण असावी. हे काम तर आजच्या आज होण्यासारखं आहे. माझ्या दुकानातल्या जुन्या संगणकावरही सारखी नावं रंगवून दाखवता येतात, सांगितलं तर येऊन करून दाखवीन, पैसे घेणार नाही.

आमच्या गावाची पुढची निवडणूक यायची आहे. वहिनी पुन्हा उभी राहणार म्हणते, काकू नाही म्हणते, तिचे गुडघे गेलेत. मी यादी तपासली. आई आणि ती दुसरी, दोघी अजून तिथेच आहेत, आता तर एकीखाली एक. आईला दाखवलं तर तिने चष्मा लावून दोन्ही फोटो पाहिले आणि म्हणाली, "हिचाच बरा आलाय."

या पत्राला उत्तर द्यावंसं वाटलं तर ते आईच्या नावाने पाठवावं, तक्रार तिची आहे. पत्ता माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जावर आहे. फक्त घर क्रमांक नीट लिहा, नाहीतर तेही त्या दुसरीकडेच जाईल.

आपला,
एसटी स्टँडसमोरचा झेरॉक्सवाला